फुफ्फुसाला वण पडतात तेव्हा

दुपारची भांडी आवरून, नाहीतर शेंगा फोडता फोडता रेडिओ लावून बसलेल्या सगळ्या गटांना आमच्या गटाचा नमस्कार.

आज आपण फुफ्फुसाच्या एका आजारावर बोलणार आहोत. त्याचं नाव पल्मनरी फायब्रोसिस. नाव जड आहे, पण हा आजार आमच्याच गटात येऊन बसला, म्हणून आम्हाला तो शिकावा लागला. आम्ही डॉक्टर नाही. एका मावशींबरोबर दोन वर्षं दवाखाने फिरलो, छातीच्या डॉक्टरांना विचारून विचारून वहीत लिहून घेतलं, तेच आज सांगतो आहोत. मावशी म्हणाल्या, "माझं नाव घेऊ नका, पण माझं काय झालं ते सगळं सांगा. दुसऱ्या कुणाचं वरीस वाया जायला नको."

या मावशी म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात दांडग्या बाई. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन चढण चढताना गप्पा मारायच्या. मग त्यांना खोकला लागला. कोरडा खोकला, बेडका नाही, ताप नाही. पुढे चढणीवर दम लागू लागला. बैठकीला येताना वाटेत पारावर दोनदा बसायच्या. आम्ही म्हणायचो, "वय झालं आता मावशी." तेव्हा त्यांना साठसुद्धा पुरी नव्हती!

आधी खोकल्याचं औषध झालं. मग दम्याचा पंप झाला. मग छातीच्या फोटोत डाग दिसले, आणि बेडक्याच्या तपासणीत काही सापडलं नव्हतं तरी एका दवाखान्यात टीबीचं औषध सुरू झालं. घरात त्यांचं ताट-तांब्या वेगळं झालं. नातवाला जवळ जाऊ देईनात. सहा महिने गोळ्या खाल्ल्या आणि दम मात्र वाढतच गेला.

शेवटी सूनबाईंनी हट्ट धरला आणि त्यांना शहरात छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या डॉक्टरांनी पाठीला खाली, दोन्ही बाजूंना, नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग सूनबाईंना म्हणाले, "तुमच्या पर्सची चिकटपट्टी ओढल्यावर चर्र आवाज येतो ना, तसा आवाज यांच्या फुफ्फुसात येतोय." तिथून खरा आजार कळायला सुरुवात झाली.

आता हा आजार म्हणजे काय ते बघू. तव्याचा चटका बसून हातावर वण राहिला, तर तिथली कातडी कशी होते? घट्ट, चिवट, न ताणणारी. तसेच वण फुफ्फुसात आतून पडतात. आपलं फुफ्फुस मऊ स्पंजासारखं असतं. श्वास घेतला की फुगतं आणि हवेतला ऑक्सिजन पातळ पडद्यातून रक्तात जातो. वण पडले की तो पडदा जाड होतो, फुफ्फुस आखडतं. हवा आत जाते, पण ऑक्सिजन रक्तात पोचायला अडतो. म्हणून बसल्या जागी बरं वाटतं आणि चार पावलं चाललं की धाप लागते.

नीट ऐका, हा आजार संसर्गाचा नाही. एकाचा दुसऱ्याला होत नाही. ताट वेगळं करायचं कारण नाही, नातवाला मांडीवर घ्यायला हरकत नाही. आमच्या मावशींना गोळीआधी याच वाक्याने आराम पडला.

आणखी एक सांगायलाच हवं. मावशींची गोष्ट ऐकून कुणी टीबीचं औषध सोडून देऊ नका. ज्यांचा टीबी तपासणीत सापडला आहे त्यांनी एक दिवसही गोळी बुडवायची नाही. टीबीमुळेसुद्धा फुफ्फुसाला वण राहतात. आमचं म्हणणं एवढंच, की बेडक्यात टीबी सापडला नसेल आणि औषधानेही फरक पडत नसेल, तर "दुसरं काही असेल का?" हे डॉक्टरांना विचारायची लाज बाळगायची नाही.

कुठल्या खुणा दिसल्या की दाखवायचं? दोन महिन्यांवर कोरडा खोकला टिकला. रोजच्याच वाटेवर आता दम लागतो. वजन उतरतंय, थकवा जात नाही. बोटांची टोकं फुगून नखं पोपटाच्या चोचीसारखी गोल झाली. यातलं काही असेल तर वयावर ढकलू नका.

तपासण्या कोणत्या होतात? छातीचा साधा फोटो पुरत नाही. एचआरसीटी नावाचं बारीक स्कॅनिंग लागतं. त्यात वण किती, कुठे आणि कशा नक्षीचे आहेत ते दिसतं. मग नळीत जोराने फुंकायला लावतात आणि फुफ्फुसात किती हवा मावते ते मोजतात. सहा मिनिटं चालवून बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघतात. संधिवाताच्या रक्ततपासण्या करतात. काहींना दुर्बिणीची तपासणी लागते, सगळ्यांना नाही. हे सगळे कागद एका पिशवीत, तारखेच्या क्रमाने ठेवा. पुढच्या वेळी जुन्या आकड्याशी नवा आकडा ताडून बघतात, त्यावरच आजार वाढतोय की थांबलाय ते ठरतं.

मावशींनी डॉक्टरांना विचारलं, "मी बरी होणार का?" डॉक्टर म्हणाले, "पडलेले वण जाणार नाहीत. नवे वण पडणं थांबवता किंवा मंद करता येईल का, ते आपण बघू. त्यासाठी आधी कशामुळे झालं ते शोधू." मैत्रिणींनो, या आजाराच्या उपचाराचं सगळं सार याच उत्तरात आहे. फायब्रोसिस हे एकच नाव आहे, पण त्याचे प्रकार पुष्कळ. एका प्रकाराला जे औषध तारतं ते दुसऱ्याला मारक ठरू शकतं.

म्हणून पहिला उपचार म्हणजे कारण शोधणं. आपल्या देशातल्या १९ शहरांमधल्या २७ रुग्णालयांनी अशा १,०८४ रुग्णांची नोंद ठेवली होती. तिचा निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ निम्म्या लोकांचा आजार श्वासातून गेलेल्या कशाची तरी ॲलर्जी होऊन झालेला होता. बुरशी, पक्ष्यांची विष्ठा, पिसं, अशा गोष्टींची. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरी एअर कूलर होता. कूलरचं पाणी आणि गवताच्या जाळ्या महिनोन्महिने साफ केल्या नाहीत, तर तिथे बुरशी वाढते आणि पंखा ती थेट तोंडावर फेकतो.

आता आपलं अंगण आठवा. पावसात भिजून काळा पडलेला कडबा झटकताना जी धूळ उडते, ती बुरशीच असते. बुरसलेल्या वैरणीमुळे होणाऱ्या आजाराला इंग्रजीत शेतकऱ्याचं फुफ्फुस असंच नाव आहे. साठवून बुरसलेल्या उसाच्या चिपाडामुळेही असाच आजार होतो, त्याला बगॅसोसिस म्हणतात. गुऱ्हाळावर आणि कारखान्याकडे काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. कोंबड्यांचं खुराडं, माळ्यावर बसणारी कबुतरं, पिसांच्या उशा, हेही आलं. दगडखाणीत, खडी फोडायला जाणाऱ्या बायामाणसांना बारीक धुळीने सिलिकोसिस होतो, त्यातही फुफ्फुसाला वण पडतात.

दुसरं कारण सांध्यांचं. आमवातात, म्हणजे हातापायांची बोटं सुजणाऱ्या संधिवातात, आणि कातडी घट्ट होणाऱ्या स्क्लेरोडर्मा या आजारात फुफ्फुसालाही वण पडू शकतात. हे आजार बायकांना जास्त होतात. सांधे दुखतात आणि दमही लागतो, तर दोन्ही गोष्टी एकाच डॉक्टरांना सांगा. तिसरं कारण काही औषधं. लघवीच्या त्रासावर महिनोन्महिने घेतलेली नायट्रोफ्युरंटॉइन, हृदयाच्या ठोक्यांसाठीची ॲमिओडॅरोन, अशी काही. स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून दवाखान्यात न्या.

मावशींच्या बाबतीत काय निघालं? घराला लागून छपरात कोंबड्या होत्या आणि त्याच छपरात भिजका भुसा साठवलेला. वीस वर्षं रोज सकाळी झाडलोट त्याच करत. सूनबाईंनी आठ दिवसांत कोंबड्या विकल्या, भुसा बाहेर काढला, छप्पर धुऊन घेतलं. कोंबड्या म्हणजे मावशींच्या हातातला पैसा होता. फार रडल्या. पण दोन महिन्यांत खोकला निम्मा झाला. कारण काढलं नसतं तर नुसत्या गोळ्यांनी भागलं नसतं.

आता औषधांकडे येऊ. दोन वाटा आहेत. ॲलर्जीने किंवा संधिवाताने झालेल्या प्रकारात फुफ्फुसाला सूज असते. तिथे स्टिरॉइड आणि मायकोफेनोलेटसारखी प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं कामी येतात. मावशींना स्टिरॉइडने फरक पडला. पण त्याने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग लवकर होतो. म्हणून तपासण्या चालू ठेवायच्या. आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायचं नाही. डॉक्टर सांगतील तसं हळूहळू उतरवायचं, नाहीतर जीवावर बेतू शकतं.

दुसरी वाट इडिओपॅथिक म्हणजे कारण न सापडणाऱ्या प्रकाराची. त्याला आयपीएफ म्हणतात. तो जास्त करून साठीनंतर होतो, पुरुषांना आणि विडी-सिगारेट ओढलेल्यांना अधिक. आमच्याच गावातल्या एका काकांना हा आहे. यात स्टिरॉइडचा नेहमीचा उपयोग नाही. २०१२ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासाचा निकाल आला. त्यात आयपीएफच्या काही रुग्णांना स्टिरॉइडसह तीन औषधं एकत्र दिली होती. त्यांच्यात औषध न दिलेल्यांपेक्षा मृत्यू जास्त झाले, म्हणून तो उपचार मध्येच थांबवावा लागला. शेजारणीला स्टिरॉइडने बरं वाटलं म्हणून तीच चिठ्ठी घेऊन दुकानात जायचं नाही, ते यासाठीच.

आयपीएफसाठी दोन मुख्य औषधं आहेत, पिरफेनिडोन आणि निंटेडानिब. पिरफेनिडोन आपल्याकडे २०१० पासून मिळतं. ही औषधं वण पुसत नाहीत. फुफ्फुसाची ताकद दरवर्षी जी घटते, तो वेग साधारण निम्म्यावर आणतात. मंद केल्याने वर्षं मिळतात, पण खोकला आणि धाप लगेच कमी होत नाही. "काही फरकच नाही" म्हणून काकांनी तीन महिन्यांत गोळ्या सोडल्या होत्या. काय थांबतंय ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून गोळी निकामी वाटते. दुसऱ्या प्रकारातही वण वाढतच राहिले तर निंटेडानिब देतात.

पिरफेनिडोनने मळमळतं, भूक जाते. ती जेवणाच्या मध्येच घ्यायची, उपाशीपोटी नाही. ती चालू असताना उन्हाने अंगावर चट्टे येतात. रानात जायचं तर लांब बाह्या, डोक्यावर पदर किंवा टोपी, आणि भर उन्हात जायचंच नाही. निंटेडानिबने जुलाब होतात, ताक आणि मीठ-साखरेचं पाणी हाताशी ठेवा. दोन्हींत यकृताची रक्ततपासणी सुरुवातीला दर महिन्याला आणि नंतर दर तीन महिन्यांनी करावी लागते. निंटेडानिब आणि मायकोफेनोलेट गरोदरपणात चालत नाहीत. मूल होण्याच्या वयाच्या बाईने हे डॉक्टरांशी आधीच मोकळेपणाने बोलावं, लाजून गप्प बसू नये.

आता ऑक्सिजन. "एकदा नळी लागली की सवय लागते, मग माणूस जातोच," असं आपल्याकडे म्हणतात. हे खोटं आहे. ऑक्सिजनची सवय लागत नाही. शरीराला कमी पडतो म्हणून तो द्यावा लागतो. बसल्या जागी बोटावरचा आकडा ८८ किंवा त्याखाली राहू लागला तर डॉक्टर घरी ऑक्सिजन द्यायचा विचार करतात. काहींना चालतानाच लागतो. आकडा बघताना बोट थंड नको, नखावर नेलपॉलिश किंवा काळी मेंदी नको. आकडा बसल्यावरही बघा आणि चालून आल्यावरही बघा.

घरी कॉन्सन्ट्रेटर यंत्र ठेवता येतं. ते विजेवर चालतं. आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही, म्हणून सोबत भरलेलं सिलिंडर हवंच. त्या खोलीत चूल, गॅस, निरांजन, उदबत्ती, विडी काही नको. निदान दहा फूट लांब. नाकाला तेल किंवा व्हॅसलीन लावायचं नाही, भडका उडू शकतो. मावशींचं देवघर आम्ही दुसऱ्या खोलीत हलवलं. यंत्रासाठी गटाने अंतर्गत कर्ज दिलं. त्या बैठकीत एकजण म्हणाली, "फिटायचं कसं हे?" दुसरी म्हणाली, "लग्नाच्या कर्जाला कुणी असं विचारलं होतं का?" मग सगळ्याच गप्प झाल्या आणि ठराव झाला.

बिनपैशाचं औषधही आहे, व्यायाम. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसल्याने पाय हलके पडतात, मग आणखी लवकर दम लागतो. हे चक्र तोडायला श्वसन पुनर्वसन नावाचा कार्यक्रम असतो. साधारण सहा ते बारा आठवडे, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालणं, हातापायांचे व्यायाम आणि श्वासाचं शिक्षण. मोठ्या रुग्णालयात विचारा. तिथून शिकून घरी करता येतं. मावशी ओसरीवर फेऱ्या घालतात, थांबून थांबून, आकडा बघून.

धाप लागली की घाबरून भराभर श्वास घेऊ नका. बसा, पुढे वाका, कोपरं गुडघ्यांवर टेका. नाकाने श्वास घ्या आणि बशीतला गरम चहा फुंकतो तसा ओठांतून सावकाश सोडा. तोंडावर छोट्या पंख्याचा वारा घेतल्यानेही धाप कमी वाटते. कामाची रीत बदला. आंघोळ स्टुलावर बसून. भाकरी थापायची तर बसून. वाकून घागर उचलायची नाही.

याशिवाय फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून. जेवल्याबरोबर आडवं व्हायचं नाही, जळजळ असेल तर उशाकडची बाजू उंच करायची. घरात विडी, तंबाखूचा धूर कुणीच करायचा नाही. चुलीचा धूर अशा फुफ्फुसाला वाईटच. उज्ज्वलाचा गॅस घरात असून पाणी मात्र चुलीवर तापवत असाल, तर घरात रुग्ण आहे हे आठवा. आणि दोन-चार दिवसांत दम एकाएकी वाढला, ओठ निळे पडले, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा.

फुफ्फुस बदलण्याची शस्त्रक्रियाही आपल्या देशात होते. पण ती मोजक्या मोठ्या रुग्णालयांत होते, वय आणि बाकीची तब्येत बघतात, प्रतीक्षा यादी असते, खर्च फार मोठा आणि नंतर जन्मभर औषधं. ज्यांना जमण्यासारखी आहे त्यांनी आधीच विचारावं, अंथरुणाला खिळल्यावर नाही.

पैशाचं बोलू. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. महिन्याच्या गोळ्या जन औषधी केंद्रात मिळतात का ते बघा, डॉक्टरांना स्वस्त कंपनीचं औषध लिहून मागा. आणि एक कळकळीचं सांगणं. काकांच्या घरच्यांनी "शंभर टक्के गॅरंटी"च्या पुड्यांसाठी अर्धा एकर रान विकलं. वण गेले नाहीत, रान गेलं. फायब्रोसिस मुळापासून बरा करतो असं जो कुणी म्हणेल, त्याच्या दारातून मागे फिरा.

शेवटचं बोलायला अवघड आहे, तरी बोलतो. आयपीएफमध्ये औषध नसेल तर निदान झाल्यापासून साधारण तीन ते पाच वर्षं मिळतात. कुणाला कमी, कुणाला बरीच जास्त. बाकीच्या प्रकारांत माणसं पुष्कळ वर्षं जगतात. आजार पुढे गेला तर वेदनाशामक सेवा देणारे डॉक्टर असतात. धाप असह्य झाली तर ते मॉर्फिनचा अगदी छोटा डोस देतात. नावाने घाबरू नका, योग्य हातात ते औषध आराम देतं. आणि माणसाला विचारा, "तुला काय हवंय? दवाखान्यात राहायचंय की घरी?" आपण कुजबुजत राहतो आणि ज्याचा श्वास आहे त्यालाच काही सांगत नाही. मावशींनी आम्हाला एकदा झापलं होतं, "माझ्यासमोर खोटं हसू नका. वण जाणार नाहीत हे मला ठावं आहे. किती चालू शकेन तेवढं बघू."

मावशींच्या मागच्या दोन तपासण्यांत आकडा खाली आलेला नाही. भारा उचलत नाहीत, चढण चढत नाहीत. पण गटाचं हिशेबाचं पुस्तक आता त्यांच्याकडे आहे, आणि बैठक आम्ही त्यांच्या ओसरीवर भरवतो. नातू शेजारी बसून बोटाला चिमटा लावतो आणि आकडा मोठ्याने वाचतो.

तुमच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. गटात आणि गटातल्या घरांत दोन महिन्यांवर कोरडा खोकला कुणाला आहे, वाटेत कोण थांबायला लागलंय, ते विचारा. नाव निघालं तर आशाताईंना सांगा आणि त्या बाईबरोबर एकीने जा. एकटीला पाठवू नका. दवाखान्यात दोन प्रश्न विचारा: कुठल्या प्रकारचा आहे, आणि कशामुळे झाला?

येतो आम्ही. कूलरची जाळी आजच धुऊन टाका. नमस्कार.